नंदनवनातलं निळं बाळ

एक

"मानवजातीच्या इतिहासात आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल!" बेलसांगवीचे नगराध्यक्ष श्रीमंतराव यांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. सभागृहात त्या वेळी मानवजातीतर्फे जेमतेम पंधरा-वीस माणसं हजर होती, आणि त्यांतली निम्मी चहा येईपर्यंत बसावं म्हणून बसली होती.

श्रीमंतरावांच्या हातात पुण्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता. तो त्यांनी हवेत फडकवला.

"नंदनवनच्या विहिरीचं पाणी! पुण्याचे शास्त्रज्ञ काय म्हणतात? निर्मळ! मृदू! पिण्यास सर्वथा योग्य! बंधूंनो, हे पाणी नाही. अमृत आहे, अमृत!"

एवढं बोलून त्यांच्या घशाला कोरड पडली. शेजारी उभा असलेला सॅनिटरी इन्स्पेक्टर आमोस मोठा तत्पर मुलगा. त्यानं त्याच अमृताचा एक पेला भरून पुढं केला. श्रीमंतरावांनी पेल्याकडं पाहिलं, आमोसकडं पाहिलं, आणि शिपायाला म्हणाले, "जीपमधला माझा थर्मास आण रे."

त्र्याहत्तर साल उजाडलं होतं आणि पावसानं तोंड फिरवून दुसरं वर्ष चाललं होतं. श्रीगोंदा तालुक्यातल्या या छोट्या गावातले आड, विहिरी, बारवा सगळ्यांनी तळ दाखवला होता. पाणी होतं ते एकाच विहिरीला, आणि ती होती जुन्या उकिरड्याच्या पायथ्याला. गावानं चाळीस वर्षं आपला केरकचरा, बाजारातला सडका भाजीपाला, मेलेली जनावरं आणि संडासांच्या गाड्यांतला मैला तिथं नेऊन ओतला होता. उकिरडा भरला तेव्हा नगरपालिकेनं त्याच्यावर मुरूम पसरला, प्लॉट पाडले, कोरड्या गावांतून आलेल्या कुटुंबांना ते दिले आणि 'नंदनवन वसाहत' अशी पाटी लावली. नाव बदललं की वास जातो, असा नगरपालिकेचा अनुभव होता. वस्तीतल्या नाकांना मात्र त्या ठरावाची प्रत मिळाली नव्हती.

आता येत्या रविवारी या विहिरीचं पाणी पाइपानं साऱ्या गावाला मिळणार होतं. गाव खूश होतं. दाराजवळच्या बाकावर बसलेली फिलोमिना सिस्टरसुद्धा खूश व्हायला हरकत नव्हती. नगरपालिकेच्या दवाखान्यातली ही नर्स. पांढरी साडी, काळी छत्री, आणि चेहरा असा की हसतेय की रागावलीय ते रोग्याला बरं होईपर्यंत कळत नसे. गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, त्यांत श्रीमंतरावांची तिन्ही. त्यामुळं गावातला कुठलाही मोठा माणूस तिच्यासमोर एका मर्यादेपलीकडं मोठा होऊ शकत नसे.

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नंदनवनातली बनुबाई. पदराखाली तिनं नातवाला धरलं होतं.

"शिस्टर," ती हळूच म्हणाली, "ह्येचं व्हट बगा की जरा."

सिस्टरनं पदर बाजूला केला. बाळ जागं होतं आणि तिच्याकडं बघत होतं. त्याचे ओठ पिकल्या जांभळासारखे दिसत होते. पण बाळाला कुणी जांभूळ दिलं नव्हतं. जन्मल्यापासून त्याच्या पोटात गेलं होतं ते दूध आणि श्रीमंतरावांचं अमृत.

दोन

बाळाचं नाव गहिनीनाथ. वय अडीच महिने. एवढं मोठं नाव पेलायला अजून त्याला मान धरता येत नव्हती.

त्याचा बाप भीमा नागापूरला एका वर्कशॉपात कामाला होता, रविवारचा घरी यायचा. आई रतन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खडी फोडून आणि अर्धपोटी राहून तिचं दूध आटलं होतं, म्हणून बाळाला सरकारी दुधाची पावडर चालू होती. गावातल्या डॉक्टरांनी बाळाला पाहून "हृदयाला भोक असेल" असं सांगितलं होतं. तेव्हापासून रतन रोज बाळाच्या छातीला कान लावून ते भोक ऐकू येतं का बघायची.

नंदनवनात बनुबाईच्या झोपडीत सिस्टरनं बाळाच्या टाचेला सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. तो लाल नव्हता. गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा काळपट तपकिरी होता.

"हृदयाचं दुखणं नाही हे," सिस्टर म्हणाली. "रक्तच बिघडलंय."

"कशानं वो?" रतननं बाळाचा पाय मुठीत धरला. "वाचंल न्हवं?"

सिस्टरनं बाळाला तिच्या ओटीत दिलं. ती उठली आणि छत्री टेकत वस्तीतल्या घराघरातून फिरली. ज्या घरात तान्हं मूल, त्या घरात जाऊन ती त्याची नखं बघे आणि आईला एकच प्रश्न विचारे, "अंगावर पितंय की वरचं?"

बायडाबाईचं पोर अंगावर पीत होतं. नखं गुलाबी, आवाज ठणठणीत. साळूबाईचं पोर पावडरीवर होतं. त्याच्या नखांवर निळसर झाक. पावडरीत खोट म्हणावी, तर तीच पावडर बाजारपेठेतल्या पोरांना टँकरच्या पाण्यात चालू होती आणि ती टोमॅटोसारखी होती. मग राहिलं पाणी. पण पुण्याचा कागद तर म्हणत होता की पाणी निर्मळ.

ती बनुबाईच्या घरी परत आली. म्हातारी चुलीपाशी बसून पाणी उकळत होती.

"तुमीच सांगितल्यालं न्हवं का, उकळून पाजा म्हनून? म्या निम्मं आटवती. जरा बी कसूर करत न्हाई."

एका हातानं ती चूल फुंकत होती, दुसऱ्या हातानं खुळखुळा वाजवून बाळाला रमवत होती. खुळखुळा झकास होता. मूठभर चिंचोके टाकलेला तांब्याचा गडू, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि गळ्याभोवती तुटलेल्या कथलाचा खरबरीत डाग. गहिनीनाथ त्या आवाजानं दमला असूनही हसत होता. हसला की ओठांचा निळा रंग जास्तच दिसायचा.

सिस्टरनं हात धुवायला साबण मागितला. चोळला, चोळला, चोळला. हातावर नुसता पांढरा चिकटा आला.

"ह्या पान्याला फेसच येत न्हाई," बनुबाई म्हणाली. "डाळ तर शिजता शिजंना. लई जड पानी."

सिस्टरचे हात तसेच थांबले.

श्रीमंतरावांनी सकाळी वाचलेला एक शब्द तिला आठवला. मृदू. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्या पाण्याला पुण्याचे शास्त्रज्ञ मृदू म्हणत होते. आता एकतर शास्त्रज्ञ वेडे असले पाहिजेत, नाहीतर पुण्याला गेलेल्या बाटलीत या विहिरीचं पाणी नव्हतंच.

कुणीतरी बाटलीतलं पाणी बदललं होतं.

तीन

"मी? मी बदललं?" आमोसनं छातीवर हात ठेवला. "सिस्टर, तुम्ही मला रविवारच्या शाळेत असल्यापासून ओळखता."

"म्हणूनच विचारतेय. आणि ती शाळा तुमच्या चर्चची होती, आमच्या नव्हे. तिथं काय शिकवतात मला काय माहीत."

आमोस हसला, पण हसू टिकलं नाही. ईस्टरनंतर त्याचं लग्न ठरलं होतं. नोकरी गेलेल्या जावयाचं सासरी कसं स्वागत होतं हे त्यानं थोरल्या भावाच्या बाबतीत पाहिलं होतं.

"माझ्या हातानं पोहरा सोडला," तो सांगू लागला. "सलाईनची धुतलेली बाटली होती. गळ्यापर्यंत काठोकाठ भरली, बूच मारलं. पण तोवर पुण्याची एसटी गेली. मग बाटली रात्रभर बनुआजीच्या कोनाड्यात ठेवली. सकाळी गोरक्षशेठनं टेम्पोतून ऑफिसात आणली. तिथं नगराध्यक्ष अण्णासाहेबांनी स्वतः लाख लावून सील केलं आणि पार्सल एसटीत टाकलं. एवढंच."

गोरक्ष हा पाइपलाइनचा ठेकेदार. तो टेम्पोच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. सिस्टरला पाहून त्यानं डोकं बाहेर काढलं, पण सगळं नाही.

"म्या कशाला बदलू पानी? माझं काम पाइप टाकायचं. पाइपातनं काय जातं त्ये मला काय करायचंय?"

"पाणी नापास झालं असतं तर पाइप गेला असता का?"

गोरक्षनं हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. टेम्पोच्या सीटमागं एक मोठा कॅन होता. सिस्टरनं छत्रीच्या टोकानं त्याला टकटक केलं.

"हे काय?"

"ब्याटरीचं पानी. डिस्टिल वाटर." मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आवं शिस्टर, देवाशपत! ब्याटरीशिवाय कुनाला पाजलं न्हाई म्या!"

डिस्टिल्ड पाण्याइतकं मृदू पाणी जगात दुसरं नाही. सिस्टरनं मान हलवली आणि ती नगराध्यक्षांच्या बंगल्याकडं निघाली.

श्रीमंतराव व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. हातात थर्मास होता.

"अण्णा, तुम्ही थर्मासात काय आणता?"

"सुंठेचं पाणी. वैद्यांनी सांगितलंय."

"आणि सुंठ कशात टाकता?"

श्रीमंतरावांनी झोपाळा थांबवला. मागच्या खोलीत डब्यांची रांग लागलेली दारातून दिसत होती. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? सासुरवाडी कोपरगावची. मेव्हण्याचा ट्रक दर आठवड्याला इकडं येतो, तो डबे भरून टाकतो. गोदावरीचं पाणी. पण म्हणून मी काय बाटलीत ते भरलं? मी?" त्यांनी आवाज चढवला. "बाटलीत घोटाळा असेल तर तो त्या पोराचा! आमोसला आजच सस्पेंड करतो!"

"नदीचं पाणीही मृदूच असतं, अण्णा."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर संशय घेता?"

"मी नाही," सिस्टर शांतपणे म्हणाली. "साबण घेतोय."

श्रीमंतरावांनी हातातला थर्मास खाली ठेवला. मग एकदम खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाळाला खरंच त्या पाण्यानं होतंय? आणि रविवारी मी ते साऱ्या गावाला सोडतोय?"

"तेच विचारायला पुण्याला ट्रंक कॉल लावते," सिस्टर म्हणाली.

चार

बेलसांगवीच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावायचा म्हणजे गुपित ठेवायचा विचार सोडूनच लावायचा. पुण्याला आवाज जावा म्हणून इतकं ओरडावं लागे की फोन नसता तरी निम्म्या वाटेपर्यंत गेला असता.

"हॅलो! प्रयोगशाळा? निळं! निळं! बाळ निळं पडलंय!"

मनिऑर्डरीच्या खिडकीशी उभी असलेली रांग चिडीचूप झाली. पोस्टमास्तरांनी शिक्का मारायचा हात वर धरला तो तसाच राहिला.

पलीकडचे केमिस्ट साहेब माणूस म्हणून चांगले निघाले. रक्त काकवीसारखं आहे असं सिस्टरनं ओरडून सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि मग भराभर बोलू लागले. जुन्या उकिरड्यात मैला, घाण कुजली की जमिनीत नायट्रेट तयार होतं, ते झिरपून विहिरीत उतरतं. पाण्याला रंग नाही, वास नाही, काचेसारखं दिसतं. मोठ्यांना सहसा लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू मात्र ते अडवून धरतं, म्हणून बाळ निळं पडतं.

"उकळून पाजतात ते!" सिस्टर ओरडली. "निम्मं आटवतात!"

"बाई, थांबवा! आधी ते थांबवा! पाणी उडून जातं आणि विष मागं उरतं. आटवाल तितकं दाट!"

सिस्टरनं डोळे मिटून घेतले. चुलीपाशी बसून फुंकर मारणारी बनुबाई तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. जरा बी कसूर करत न्हाई.

"पण बाई," साहेब म्हणत होते, "तुमच्या बाटलीत नायट्रेट नव्हतंच. नगरकडून इतकं मऊ पाणी आलेलं मी पाहिलं नाही. कुठल्यातरी नदीचं असावं."

"डिस्टिल्ड नसेल?"

"छे. त्यात क्षार नसतातच. यात थोडे होते, आणि तांब्याचा अंश होता. फार दिवस तांब्याच्या भांड्यात कोंडून ठेवल्यासारखा. आणि एक तक्रार आहे. बाटली पूर्ण भरून पाठवायला काय झालं होतं? सील शाबूत होतं, पण आत चार बोटं रिकामी."

सिस्टरनं रिसीव्हर खाली ठेवला. काठोकाठ भरलेली बाटली. चार बोटं रिकामी. तांबं. तिच्या मनात काहीतरी खुळखुळलं, पण ते काय हे धरायच्या आत पोस्टाच्या पायऱ्यांवरून रतन धावत वर आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता, पायात वहाण नव्हती.

"शिस्टर, त्यो रडंना!" ती म्हणाली. "रडायचंच इसरलाय!"

पाच

नगराध्यक्षांची जीप एरवी सभेला जाताना हॉर्न वाजवत जाई. त्या दुपारी ती नगरकडं निघाली तेव्हा श्रीमंतराव स्वतः चालवत होते आणि हॉर्न वाजवायचं त्यांना सुचलं नाही. पुढं सिस्टर, तिच्या मांडीवरच बसलीय म्हणता येईल इतकी चिकटून रतन, आणि रतनच्या छातीशी गहिनीनाथ. मागं बनुबाई, आमोस आणि गोरक्ष. गोरक्षला कुणी बोलावलं नव्हतं. तो जीप ढकलायला आला होता आणि चालत्या जीपमध्ये चढला होता.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सिस्टरचं म्हणणं ऐकलं, काकवीसारखं रक्त पाहिलं आणि इंजेक्शन मागवलं. औषधाचा रंग गडद निळा होता.

"आदीच निळं हाय त्ये पोर!" बनुबाई कळवळली. "त्यात आजून निळं घालत्यात व्हय?"

"यानंच उतरतं, आजी," सिस्टर म्हणाली. दार बंद झालं. रतन बाळापाशी आत राहिली, बाकीचे बाहेरच्या लांब बाकावर बसले.

शेवटी श्रीमंतरावांना गप्प बसवेना.

"आज हा पोरगा इथं पडलाय तो त्या खोट्या बाटलीमुळं. खरी बाटली गेली असती तर आठ दिवसांपूर्वीच विहिरीला कुलूप लागलं असतं. कुणी केलं ते मला कळलंच पाहिजे!"

आमोसनं मान खाली घातली. सिस्टरनं छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"सांगते. बाटली चार हातांतून गेली. आमोस, आजींचा कोनाडा, गोरक्ष आणि तुम्ही. बाटलीत निघालं मऊ पाणी. मऊ पाणी गोरक्षच्या कॅनमध्ये होतं."

"बगा, आलं माज्यावर!" गोरक्ष म्हणाला.

"पण त्यात क्षार नसतात, बाटलीत होते. म्हणजे ते नदीचं. नदीचं पाणी अण्णांच्या घरी डबेच्या डबे."

श्रीमंतरावांनी थर्मास नकळत पायामागं सारला.

"पण ज्याच्याकडं डबे भरून पाणी आहे तो बाटली चार बोटं रिकामी कशाला ठेवील? आमोसनं तर ती काठोकाठ भरली होती. म्हणजे ज्यानं पाणी बदललं त्याच्याकडं पाणी मोजकंच होतं. होतं तेवढं सगळं त्यानं ओतलं, आणि तरी ते कमी पडलं. आणि ते पाणी फार दिवस तांब्यात कोंडलेलं होतं."

ती थांबली. पुढचं बोलताना तिनं कुणाकडंच पाहिलं नाही.

"मी ख्रिस्ती बाई. पण या गावात मी सगळ्या घरांतली शेवटची रात्र पाहिलीय. तोंड कथलानं बंद केलेला तांब्याचा गडू घराघरात असतो. आत गोदावरीचं नाहीतर काशीचं पाणी. माणूस जायला लागलं की कथील तोडायचं आणि दोन थेंब तोंडात घालायचे. त्याच्याआधी त्या गडूला कुणी हात लावत नाही. आज एका घरात मी तसला गडू फुटलेला पाहिला. त्यात चिंचोके होते. पण त्या घरात यंदा कुणी गेलेलं नाही. मग गडू फोडला कशाला?"

"म्या फोडला," बनुबाई म्हणाली. "त्यात लपवायचं काय हाय? कुनी इचारलंच न्हाई मला."

सगळे तिच्याकडं वळले. म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"ह्यो आमोसदादा बाटली ठिवून निगाला. म्या इचारलं, पुन्याचं सायेब कसं तपासत्यात रं? तर म्हनला, पिऊन बगत्यात."

आमोस ताडकन उभा राहिला. "आजी! मी गंमत केली हो! मला सायकलला दिवा नव्हता, घाई होती, मी आपलं—"

"मला काय ठावं तुजी गंमत? म्या रातभर इचार केला. कोन कुटला मानूस, आपल्या दारचं पानी पयल्यांदा पिनार, आन त्याला उकिरड्याचं पानी पाजायचं? आमी पितो त्ये येगळं. घरातल्या मानसाला काय बी चालतं. पर पावन्याला?" ती थांबली. "आमच्या ह्यांनी नाशकाहून दोन गडू आनलं हुतं. येक त्यांच्या येळला लागला. दुसरा माजा. म्हनलं, माझं काय, तवा कुनीतरी घालंल दोन थेंब कशाचं बी. बाटलीत सगळं वतलं. जरा कमीच पडलं. लाज वाटली मला."

श्रीमंतरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला आणि बराच वेळ ते पुसतच राहिले. आमोस म्हातारीच्या पायाशी फरशीवर बसला.

"आजी, मी नाशिकला जाऊन आणून देतो. उद्याच जातो."

"बस रं. मला काय घाई न्हाई."

मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी उतरू लागलं. तिनं बंद दाराकडं पाहिलं. "शिस्टर... म्हंजी म्या त्ये पानी बदललं नसतं, तर पोराला ह्ये..."

"आजी." सिस्टरनं तिचा हात धरला. असा हात ती सहसा फक्त कळा देणाऱ्या बायकांचा धरायची. "विष उकिरड्यानं घातलं, आणि उकिरडा गावानं घातला. तुम्ही तेवढा पाहुणचार केलात. आणि उकळायला मी सांगितलं होतं. वाटा काढायचाच झाला तर पुष्कळांना द्यावा लागेल."

श्रीमंतराव खाकरले. "माझाही धरा," ते म्हणाले. "पाटी मीच लावली."

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, रागीट, तक्रारीचा, आणि अजिबात न थांबणारा. गहिनीनाथाला रडायचं कसं ते आठवलं होतं.

रतन दारात आली. तिचं तोंड हसत होतं आणि डोळे वाहत होते. "व्हट लाल झालं, आत्याबाई! पर लंगोट बगा! हिरवा-निळा झालाय पार!"

"अगं बया!" बनुबाई उठून उभी राहिली. "आता खालनं निळा झाला व्हय?"

"औषधाचा रंग उतरतोय, आजी," सिस्टर म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती हसतेय की रागावलीय याबद्दल कुणालाही शंका आली नाही.

सहा

आमोसनं दुसरी बाटली भरली ती सगळ्या वस्तीदेखत. बूच मारून तो स्वतः ती मांडीवर घेऊन पुण्याला गेला. वाटेत एसटीत शेजारच्या प्रवाशानं "घोटभर पाणी द्या" म्हणून हात पुढं केला तेव्हा तो इतक्या जोरात "नाही!" म्हणाला की कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली. पुण्याच्या साहेबांनी पाणी तपासलं आणि विहीर पिण्यासाठी ताबडतोब बंद करा असं सांगितलं. नंदनवनाला टँकर सुरू झाला. बाजारपेठेच्या वाटणीतला एक टँकर कमी करून तो इकडं वळवायचा ठराव श्रीमंतरावांनी स्वतः मांडला, आणि विरोध करणाऱ्यांच्या घरी नंदनवनचं पाणी पाठवायची तयारी दाखवली. विरोध मावळला. बायडाबाईनं साळूबाईच्या पोराला आपल्या अंगावर घेतलं. त्याच्या नखांवरची झाक दोन-चार दिवसांत गेली.

राहिला प्रश्न रविवारचा. मांडव सांगून झाला होता, फीत आणली होती, नारळ सोललेला होता, नगरहून लाऊडस्पीकर आला होता. विहीर चालू करायच्या समारंभाची एवढी तयारी फुकट कशी घालवायची? म्हणून श्रीमंतरावांनी ती विहीर समारंभपूर्वक बंद केली. फीत कापून आत गेले आणि विहिरीवरच्या नव्या लाकडी झाकणाला कुलूप घातलं. गोरक्षनं आपले पाइप बाहेर काढताना असा चेहरा केला होता की जणू काही आतडीच ओढतोय, पण काढले.

मग श्रीमंतराव बोलायला उभे राहिले. बोलणं चांगलं झालं. जमीन काही विसरत नाही, असं ते म्हणाले. आपण तिच्या पोटात जे लपवतो ते ती आपल्या लेकरांच्या पुढ्यात आणून ठेवते, असंही म्हणाले. नंदनवनातल्या प्रत्येक घराला दुसरी जागा मिळेपर्यंत आपण खुर्चीवर स्वस्थ बसणार नाही, हे वाक्य त्यांनी कागदावर लिहून आणलेलं नव्हतं, त्यामुळं ते बोलून झाल्यावर तेच थोडे घाबरले. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकावर बसलेल्या फिलोमिना सिस्टरनंसुद्धा छत्री खाली ठेवून वाजवल्या.

टाळ्यांनी श्रीमंतरावांना चेव आला. त्यांनी दोन्ही हात वर केले, छाती भरून श्वास घेतला आणि विज्ञान, माणुसकी आणि बेलसांगवीचं भवितव्य यांना एकाच वाक्यात बांधायला सुरुवात केली. लाऊडस्पीकर दणाणला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बनुबाई थेट मंचापाशी आली. लोकांना वाटलं, म्हातारी आता आशीर्वाद देणार. फोटोग्राफर पुढं सरकला. श्रीमंतराव माइकसकट खाली वाकले.

"आन्ना," बनुबाई म्हणाली, आणि ते साऱ्या गावाला ऐकू गेलं, "त्यो कर्णा तेवढा पलीकडं फिरवायला सांगा. पोरगं आत्ताच झोपलंय."